अठरा रुपये फुटाची हराळी

घरापुढं लॉन करायचं आहे, असं मी पानठेल्यावर सहज बोललो आणि संध्याकाळपर्यंत तिघांनी लग्नाच्या तारखा मागितल्या. "किती पंगतीचं काढून राह्यले गुरुजी? जेवणाचं शेड वेगळं ठेवसान ना?" चूक त्यांची नव्हती. आमच्या विदर्भात लॉन म्हणजे मंगल कार्यालय. तिथं गवत असो नसो, कमान आणि जनरेटर पाहिजे.

माझ्या डोक्यातलं लॉन साधं होतं. डोक्यातलं म्हणजे बायकोच्या डोक्यातलं. नागपूरला भाचीच्या घरी तिनं अनवाणी गवतावर चालून पाहिलं आणि येताना गाडीत वर्ध्यापर्यंत ती काही बोलली नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात या शांततेचा अर्थ मला कळतो. आमचं गाव धामणगाव रेल्वेच्या अलीकडं. घर, पुढं हजार फुटांचं आंगण, आंगणाला तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडं लगेच आमचं वावर.

अमरावतीहून कंत्राटदार आला. त्याच्या कार्डावर ‘लँडस्केपिंग, सेंट्रिंग, बोअरवेल, मंडप डेकोरेशन’ असा कामांचा क्रम होता. मास्तरकीची सवय जात नाही, म्हणून मी विचारलं, "तुमच्याकडं परवाना आहे का?" तो गोंधळला आणि त्यानं खिशातून ड्रायव्हिंग लायसन काढलं.

मी चौकशी केली. कृषी केंद्रवाल्याला बियाण्याचा एक, खताचा एक आणि औषधाचा एक असे तीन परवाने लागतात, फ्रेम करून गल्ल्यामागं टांगावे लागतात. आमच्याच जिल्ह्यात शेंदुरजना घाटला संत्र्याची कलमं विकायची तर रोपवाटिकेचा परवाना लागतो, त्याला 1969 चा कायदा आहे. सरकारी बगीचा करायचा तर ठेकेदार म्हणून नोंदणी लागते. पण माझ्यासारख्या खाजगी माणसाचं आंगण उकरायला असा काही परवानाच नाही. मोबाईल आणि टिकास असलं की माणूस लँडस्केपर.

त्यानं आंगणातली माती उचलून चुरली आणि डॉक्टर रिपोर्ट पाहून करतात तसा चेहरा केला. "सर, काळी माती चालणार नाही. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. लाल माती टाकावी लागेल." मला जरा लागलंच. 1853 साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला तेव्हा त्यांचा डोळा याच मातीतल्या कापसावर होता. ती माती कार्डावर चार धंदे छापलेल्या माणसानं पायानं बाजूला सारली.

हजार फुटांवर सहा इंच थर म्हणजे पाचशे घनफूट, म्हणजे पाच ब्रास. ट्रॅक्टर आंगणात रिकामा होतो न होतो तोच तलाठीभाऊ मोटरसायकलवर हजर. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गाडी तीच आहे.) "गुरुजी, हे गौण खनिज झालं. वाहतूक पास कुठं हाय? पास नसन तर बाजारभावाच्या पाचपट दंड बसते." बगीचा करणाऱ्याला काही लागत नाही, मातीला मात्र पास लागतो! पास ट्रॅक्टरवाल्याच्या टपात निघाला. मधल्या दहा मिनिटांत मी पाच ब्रासचं पाचपट तोंडी करून बसलो होतो.

शेणखताची गोष्ट तर कोणाला सांगायचीही लाज वाटते. एक ट्रॉली साडेचार हजार लागले. खत माझ्याच चुलतभावाच्या उकिरड्यातलं होतं आणि त्याला दोन हजार मिळाले होते. ट्रॉली त्याच्या गोठ्यातून निघाली, गावाला एक फेरी मारली आणि माझ्या दारी आली. त्या फेरीचे अडीच हजार.

मग गवत. सिलेक्शन वन, फुटामागं अठरा रुपये, लावणीसकट, तीन महिने देखभाल फुकट. माती, खत, वाहतूक वेगळी. पोत्यातून त्यानं गवताच्या जुड्या काढल्या तेव्हा बाबा ओसरीवर बसले होते. वय चौऱ्याऐंशी, नजर अजून वावरातली. त्यांनी एक काडी मागून घेतली, डोळ्यांजवळ नेली, पेरं मोजली, दातानं तोडली.

"हे हराळ होय ना बे?"

"नाही बाबा, सिलेक्शन वन आहे." मी म्हणालो.

"सिलेक्शन कोनं केलं?"

कंत्राटदार प्रामाणिक निघाला. म्हणाला, "जात हराळीचीच आहे बाबाजी, फक्त बारीक पानाची." बाबा काही बोलले नाहीत. या माणसानं साठ वर्षं वखर धरून, गुडघ्यावर बसून, खुरपीनं हात-हातभर मुळं ओढून वावरातून हराळी काढली होती. हराळीचं एक पेर राहिलं तरी ती पुन्हा येते, म्हणून ते काढलेली जुडी घरापर्यंत आणून चुलीत घालत. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचा शिकलेला पोरगा अठरा हजार मोजून तीच ओळीनं लावून घेत होता.

लावणी होळीनंतर झाली. त्याआधी मजूरच मिळेना. कापूस वेचायला किलोमागं पैसे मिळतात, तेव्हा गवत टोचत कोण बसेल? शेवटचा वेचा आटपला तेव्हा माझा नंबर लागला.

मग उन्हाळा आला. रोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचं म्हणजे चौरस मीटरला पाच लिटर. हजार फुटांचे झाले त्र्याण्णव चौरस मीटर, म्हणजे रोजचे 465 लिटर. ही गणितं मी तीस वर्षं पोरांना घातली, पण तेव्हा बोअर माझी नव्हती. मेमध्ये सगळं गाव तांबडं-पिवळं आणि मधोमध माझं आंगण हिरवं. बकऱ्यांनी ते दुरून हेरलं. संकष्टीला बाया दूर्वा न्यायला येऊ लागल्या, त्यांना नाही म्हणता येईना. बायको मात्र रोज सकाळी अनवाणी तीन फेऱ्या मारायची आणि चौथ्या फेरीला चप्पल घालून पाणी भरायला जायची.

पाऊस पडला आणि गवतात लव्हाळा उगवला. कंत्राटदाराचे देखभालीचे तीन महिने बरोबर त्याच आठवड्यात संपले. मग आमच्या वावरात नेहमी निंदणाला येणाऱ्या मावशीला बोलावलं. तीनशे रुपये रोज. "आंगणातला कचरा तेवढा काढून दे," एवढं सांगून बायको एका लग्नाला गेली. लॉनवरच. मी जेवून पडलो.

चारला उठून पाहतो तर आंगण लालभडक. कडेला हराळीचा कमरेएवढा ढीग आणि त्याच्याशेजारी मावशी खुरपीची माती झाडत बसलेली. कपाळावर घाम आणि तोंडावर असं समाधान, की मला ओरडताच येईना.

"लय माजली होती गुरुजी. एवढी हराळ तं म्या कोनाच्या वावरातबी नाई पायली. मुयासकट काढली, एक काडी नाई ठेवली. आन् तो लव्हाया हाय ना थोडासा, तो उद्या काढते."

मी तीनशे रुपये दिले. जाताना ती बजावून गेली, "ढीग जाळसान. वावरात नोका टाकू." पण बायको लग्नाहून यायच्या आत तो ढीग डोळ्यांसमोरून हलवणं मला जास्त गरजेचं वाटलं. दोन-दोन हातांनी उचलून मी तो कुंपणापलीकडं भिरकावला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबांनी मला कुंपणाशी बोलावलं. पऱ्हाटीच्या तासातासातून बारीक पानाची, गर्द, एकसारखी हराळी पसरली होती. आंगणात ती इतकी सुंदर कधीच दिसली नव्हती.

"पुढच्या सालापर्यंत एकर धरते," बाबा म्हणाले. "एकराचे फूट किती बे?"

"43,560."

"अठरानं गुण."

मी गुणलं. सात लाख चौऱ्याऐंशी हजार ऐंशी.

बाबांनी मान हलवली. "माती-वाहतूक वेगळी ना?"