माणूस निम्मा केळं नाही

‘माणसाचा आणि केळ्याचा डीएनए 60 टक्के सारखा, संगणकाने सिद्ध केलं’ हा मेसेज नागपुरातल्या ग्रुपांवर पुन्हा फिरतोय. मी इथेच जीवतंत्रज्ञान शिकवते आणि दर नवी बॅच तो घेऊनच वर्गात येते. त्यातला एकेक दावा घेऊ.

‘डीएनए सारखा’: नाही. 2013 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानव जीनोम संशोधन संस्थेने ताडून पाहिली ती प्रथिनं. आपल्या सुमारे 60 टक्के जनुकांना केळ्यात ओळखू येईल असा जोडीदार सापडला आणि त्या जोड्यांची प्रथिनं सरासरी 40 टक्क्यांच्या आसपास जुळली. आपल्या 300 कोटी अक्षरांच्या डीएनएत प्रथिनं घडवणारा भाग जेमतेम दीड-दोन टक्के. बाकीचा मोजणीत नव्हताच.

‘संगणकाने दोन्ही शेजारी ठेवून मोजलं’: अशा कामाचं रोजचं सॉफ्टवेअर म्हणजे 1990 साली आलेलं ब्लास्ट. ते आधी छोटे जुळणारे तुकडे हेरतं, दोन्ही बाजूंनी वाढवतं आणि टक्केवारी देतं ती तेवढ्याच पट्ट्याची. म्हणून टक्क्याआधी ‘क्वेरी कव्हर’चा, म्हणजे आपण दिलेल्या क्रमाचा किती भाग जुळणीत आला त्याचा, रकाना बघायचा. डीएनएची अक्षरं चारच आहेत. कुठलेही दोन तुकडे एकाखाली एक ठेवले तरी साधारण चारातलं एक अक्षर जुळतंच.

‘आकडा म्हणजे आकडा’: हेही खरं नाही. हिस्टोन एच4 हे प्रथिन घ्या. ते ज्या 102 अमिनो आम्लांच्या (प्रथिनाच्या मण्यांच्या) माळेचं बनतं, तिच्यात गाय आणि वाटाणा यांच्यात फरक दोनच: 60व्या जागी गायीत व्हॅलिन, वाटाण्यात आयसोल्युसिन, 77व्या जागी लायसिन, तिकडे आर्जिनिन. ब्लास्टच्या निकालात या दोन जागांवर अधिकचं चिन्ह उमटतं, कारण दोन्ही जोड्या गुणधर्माने जवळच्या. म्हणजे तंतोतंत जुळणी 98 टक्के, साधर्म्य 100. दोन्ही बरोबर, पण त्यावरून गायीला वाटाणा कोण म्हणेल?

‘चिंपांझी 98, केळं 60’ अशी यादी तर लावूच नये. चिंपांझीचा आकडा डीएनएच्या अक्षरांचा आहे, केळ्याचा जोडीदार सापडलेल्या जनुकांचा.

खरी गोष्ट कितीतरी मोठी आहे. साखरेतून ऊर्जा काढणं, डीएनएची नक्कल करणं ही कामं आपल्या आणि केळ्याच्या पेशी नात्यातल्याच प्रथिनांकडून करून घेतात, कारण शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी दोघांचा पूर्वज एकच होता. ती सोडून मेसेजमध्ये केळ्याच्या जागी आता संत्रं घातलंय, आकडा मात्र तोच ठेवलाय. पाठवणाऱ्याला विचारा: संत्र्याची कुठली प्रथिनं ताडली, आणि किती लांबीवर?