धर्म मध्ये आणावाच लागतो

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या मैत्रिणीने आपल्या मुलीला मुद्दाम माझ्याकडे पाठवले. मुलगी हिंदू, मुलगा कॅथलिक, दोघेही चांगल्या नोकरीत आणि दोन्ही घरांचा होकार मिळालेला. "मावशी, आम्ही एक गोष्ट पक्की ठरवली आहे, धर्म मध्ये आणायचाच नाही," असे ती अगदी समाधानाने म्हणाली. एकवीस वर्षांपूर्वी नाशिकहून वसईला सून म्हणून येताना मीही हेच वाक्य माझ्या आईवडिलांना ऐकवले होते, आणि पुढच्या काही वर्षांत मला जो त्रास झाला त्यातला बराचसा या वाक्यामुळेच झाला, असे आज मला वाटते. त्या मुलीला तासाभरात हे सारे नीट सांगता आले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

धर्म मध्ये आणायचा नाही, असे म्हणताना आपण असे धरून चालतो की धर्म ही घराबाहेर काढून ठेवता येण्याजोगी वस्तू आहे. प्रत्यक्षात तो ताटात असतो, कॅलेंडरवर असतो, आजारी माणसाच्या उशाशी असतो. २०२३ आणि २०२५ या दोन्ही वर्षी गुढीपाडवा ख्रिस्ती उपवासकाळात आला. माझे पती त्या चाळीस दिवसांत गोड खात नाहीत. माझ्या घरी श्रीखंडाशिवाय पाडवा होत नाही. हा प्रश्न लहान आहे हे मान्य, परंतु नवीन संसारात तो बोलून सोडवला नाही तर एकाला वाटते की माझा सण दुर्लक्षिला गेला आणि दुसऱ्याला वाटते की माझे व्रत कुणी मनावर घेतले नाही. आमच्याकडे आता श्रीखंडाची एक वाटी झाकून शीतकपाटात राहते आणि ईस्टरच्या सकाळी ते ती खातात. हे जमायला सहा वर्षे लागली.

माझे माहेर शाकाहारी, आणि सासरी मासळीशिवाय जेवण पुरे होत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात काय करावे या विचाराने मी आठवडाभर अस्वस्थ होते, पण धर्म मध्ये आणायचा नाही हे माझेच वचन असल्यामुळे गप्प होते. श्रावणाच्या आदल्या दिवशी सासूबाई बाजारातून नवी कढई आणि नवा तवा घेऊन आल्या. कढईच्या एका कानाला त्यांनी लाल दोरा बांधला आणि घरातल्या सगळ्यांना बजावले, "या कढईत बोंबील पडता कामा नये." मी त्यांना काहीही सांगितले नव्हते. चर्चला आयुष्यभर 'देऊळ' म्हणत आलेल्या आणि एकाही रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, न चुकवणाऱ्या त्या बाईंना दुसऱ्याचे व्रत कसे सांभाळायचे हे ठाऊक होते, कारण व्रत म्हणजे काय हे त्यांना स्वतःला ठाऊक होते. तो दोरा अनेकदा बदलला, पण कढई अजून वापरात आहे.

याच्या अगदी उलट वाटावा असा प्रसंग त्याच वर्षी गणपतीत घडला. मी आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती आणला. मखर पतींनी केले, दूर्वा त्यांनी आणल्या, पूजेच्या वेळी मात्र गुरुजींनी "यजमानांनी बसावे" असे म्हणून पाट सरकवला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "पूजा तिची आहे, तीच बसेल." नाशिकहून आलेला माझा भाऊ नाराज झाला. दहा मिनिटे पाटावर बसायला काय हरकत होती, असे त्याचे म्हणणे होते, आणि खरे सांगायचे तर माझेही तेच म्हणणे होते. रात्री मी रडले. तेव्हा ते मला म्हणाले, "मी नुसता देखाव्यासाठी बसलो असतो, तर तुझ्या देवासमोर खोटा बसलो असतो." हे वाक्य मला त्या रात्री पटले नाही. पटायला बराच काळ गेला. ज्याला कोणत्याच देवाचे काही वाटत नाही तो कुठल्याही पाटावर बसू शकतो. ज्याला वाटते त्यालाच नकार द्यावा लागतो, आणि तो नकार माझ्या पूजेला हलके लेखणारा नव्हता, उलट तिला पूर्ण गंभीरपणे घेणारा होता.

माझ्या वाट्यालाही असाच एक पाट आला. सणावाराला मी पतींबरोबर मिस्सेला जाते. कम्युनियनची, म्हणजे पवित्र भाकर घेण्याची, वेळ झाली की बाकावरची सारी माणसे उठून रांगेत उभी राहतात, आणि ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही त्याला ते घेता येत नाही, म्हणून मी बसून राहते. इतरांना वाट मिळावी म्हणून गुडघे एका बाजूला वळवावे लागतात, साडीचा पदर आवरून घ्यावा लागतो, आणि पाच-सात मिनिटे त्या लांब बाकावर आपण एकटेच उरतो. पहिली काही वर्षे ती मिनिटे मला फार लांब वाटत. एकदा मी पतींना हे सांगितले, तेव्हा त्यांनी समजूत घातली नाही की सबब सांगितली नाही. "मला हे कधी दिसलंच नव्हतं," एवढेच म्हणाले. तेव्हापासून रांगेतून परत आल्यावर ते माझ्या शेजारी येऊन गुडघे टेकतात, पूर्वी पुढच्या बाकावर भावांच्या ओळीत टेकत असत. नियम जिथे होता तिथेच आहे, माझे एकटेपण मात्र राहिले नाही.

आता अपत्याचा प्रश्न, कारण सर्वाधिक संसार इथेच अडखळतात. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील ११२५ व्या नियमानुसार, ख्रिस्तीतर व्यक्तीशी विवाहाची परवानगी मागताना कॅथलिक जोडीदाराला असे वचन द्यावे लागते, की सर्व अपत्यांचा बाप्तिस्मा व्हावा आणि त्यांचे संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावे यासाठी तो आपल्याकडून शक्य तेवढे सारे करील. हे वचन दुसऱ्या जोडीदाराकडून घेतले जात नाही. त्याला त्याची स्पष्ट कल्पना मात्र द्यावी लागते. १९१७ च्या संहितेत दोघांकडूनही हमी घेतली जाई, ती अट १९७० मध्ये बदलली. आमच्या वेळी धर्मगुरूंनी मला समोर बसवून हे सारे समजावले होते, पण लग्नाच्या गडबडीत मी ते एखाद्या अर्जावरच्या रकान्यासारखे ऐकले. मुलगी झाल्यावर त्या रकान्याचा अर्थ कळला.

आम्ही बारसे केले, पाळणा म्हटला, आणि दीड महिन्याने तिचा बाप्तिस्मा झाला. माझी आई बारशाला आली, बाप्तिस्म्याला आली नाही. ती सल तिच्याही मनात राहिली आणि माझ्याही. मुलांना दोन्ही धर्म दाखवावेत आणि अठराव्या वर्षी त्यांना निवडू द्यावे, हा सल्ला मला अनेकांनी दिला. तो ऐकायला उदार वाटतो, पण मला तो कधीच पटला नाही, कारण कोणत्याच प्रार्थनेची ज्याला सवय नाही त्याने अठराव्या वर्षी निवडायचे ते कशातून? आमची मुलगी कॅथलिक म्हणून वाढते आहे आणि हे मी डोळसपणे मान्य केले आहे. त्याचबरोबर तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावून मी तिला 'शुभंकरोति' शिकवावे का, हे मी पतींना विचारले. त्यांनी दोन दिवसांनी उत्तर दिले, "मला थोडं जड जाईल, पण शिकव. मी तिथेच बसेन." ते खरोखरच तिथे बसले. "मला काही फरक पडत नाही" असे उत्तर आले असते तर मी शिकवलेही असते, पण त्यांच्या मोठेपणाची किंमत मला कळली नसती.

विशेष विवाह कायद्याविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण प्रेमात पडलेली शिकलीसवरलेली माणसे नेमके हेच वाचत नाहीत. १९५४ च्या या कायद्याने धर्म न बदलता, दोघांनी आपापल्या धर्मात राहून विवाह करता येतो. तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावली जाते, तीन साक्षीदार लागतात, हे बहुतेकांना माहीत असते. पुढचे माहीत नसते. हिंदूने ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी अशा व्यक्तीशी या कायद्याखाली विवाह केला, तर कलम १९ नुसार तो हिंदू एकत्र कुटुंबातून विभक्त झाल्याचे मानले जाते. हिस्सा जात नाही, पण एकत्रपणा संपतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कलम २१ नुसार त्याच्या मिळकतीला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. इच्छापत्र नसेल तर जोडीदाराला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश वाटा जातो, आणि मुले असतील तर मृताच्या आईला काहीही मिळत नाही. हिंदू कायद्यात मुलाची आई ही पहिल्या वर्गातील वारस आहे. म्हणजे माझ्या भावाने असा विवाह केला असता, तर इच्छापत्राअभावी आमच्या आईचा वारसा कुणालाही न कळता संपला असता. म्हणून विवाहनोंदणीनंतर पहिल्याच वर्षी दोघांनीही इच्छापत्र करावे, असे मी सर्वांना आग्रहाने सांगते.

याच कायद्याचा पूर्वज १८७२ चा. त्याखाली विवाह करायचा तर दोघांनाही आपण हिंदू नाही, ख्रिस्ती नाही, मुस्लिम नाही, असे लेखी जाहीर करावे लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांची आपसातील विवाहांपुरती त्यातून सुटका झाली, आणि १९५४ मध्ये ती अट सर्वांसाठीच गेली. म्हणजे विवाहासाठी स्वतःचा धर्म नाकारण्याची सक्ती दूर व्हायला या देशात ब्याऐंशी वर्षे लागली, आणि आजची मुले "धर्म मध्ये आणायचा नाही" असे म्हणून तेच प्रतिज्ञापत्र एकमेकांना आपणहून लिहून देत आहेत.

माझ्या माहेरच्या भागातलेच एक उदाहरण मला या सगळ्या वर्षांत आधार देत आले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई आणि त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक. १८८० मध्ये त्यांचे लग्न झाले तेव्हा दोघेही एकाच जातीचे, एकाच धर्माचे. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि एका दिवसात तो संसार दोन धर्मांचा झाला. १८६६ पासून असा कायदा होता, की ख्रिस्ती झालेल्या माणसाचा जोडीदार त्याच्याबरोबर नांदायला तयार नसेल तर त्याला न्यायालयातून विवाह मोडून घेता येई. टिळकांनी तो मार्ग धरला नाही. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई परत आल्या त्या हिंदू म्हणून, आपले सोवळेओवळे घेऊन, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना मला त्या शेवटच्या बाप्तिस्म्यापेक्षा मधल्या काळाचे अधिक मोल वाटते, कारण त्या काळात दोघांपैकी कुणीही आपली श्रद्धा लपवलेली नाही आणि भांडणेही लपवलेली नाहीत.

शेवटी मृत्यूविषयी, ज्याबद्दल नवविवाहित जोडपी बोलत नाहीत आणि ते स्वाभाविकही आहे. चार वर्षांपूर्वी माझे वडील गेले. दहाव्या दिवशी रामकुंडावर पिंड ठेवून आम्ही तासभर उन्हात उभे होतो. कावळे येत, घिरट्या घालत आणि शिवल्यावाचून निघून जात. माझे पती या गोष्टी मानत नाहीत, तरी ते एका बाजूला अनवाणी उभे होते, आणि कावळा शिवला तेव्हा सुटकेचा पहिला श्वास मी त्यांच्याकडून ऐकला.

त्यानंतर आम्ही दोघांनी आपापल्या अंत्यविधीविषयी लिहून ठेवायचे ठरवले. कॅथलिक चर्चने १९६३ पासून दहनाला मुभा दिली आहे, मात्र २०१६ च्या सूचनेनुसार रक्षा विखरायची वा विसर्जित करायची नसते, ती पवित्र जागी ठेवायची असते. पतींना दफनच हवे आहे, वडिलांच्या शेजारी. मला अग्नी हवा आहे आणि गोदावरी हवी आहे. एकवीस वर्षे एका छताखाली काढून शेवटी वेगवेगळ्या ठिकाणी जायचे, हे लिहिताना दोघांचेही हात थांबले, पण लिहिले. एक प्रत नणंदेकडे दिली आणि एक माझ्या भावाला पाठवली, ज्याला पाटाच्या त्या प्रसंगानंतर पतींशी मोकळेपणाने बोलायला कितीतरी वर्षे लागली होती. कागद वाचून त्याने फोन केला तो मला नव्हे, त्यांना केला. म्हणाला, "भाऊजी, ती आधी गेली, तर अस्थी घेऊन तुम्हीच या. मी रामकुंडावर उभा असेन."