परदेशात कारखाना काढणाऱ्या खानदेशी उद्योजकांस काही अनमोल सूचना

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत चटईचे लूम चालवून ज्यांचे समाधान होत नाही आणि ज्यांना आता आफ्रिकेत दुसरा कारखाना उभारावयाचा आहे, त्या सर्व उद्योजक बंधूंचे प्रथम अभिनंदन. यंत्रे कंटेनरमध्ये बसतात, प्लास्टिकचा दाणा कुठूनही मागवता येतो, बँका कर्ज देतात; अडचण येते ती फक्त माणसांची. तिथली माणसे तिथलीच असतात, हा त्यांचा मूळ दोष. नैरोबीजवळच्या एका कारखान्याचा पत्रव्यवहार इथल्या मुख्य कार्यालयात बसून सांभाळण्याचे भाग्य मला लाभलेले आहे आणि 'तिथल्या सुपरवायझरने राजीनामा का दिला, याचा सांस्कृतिक अंगाने अहवाल द्यावा' असा लेखी आदेश मला गेल्याच आठवड्यात मिळालेला आहे. त्यामुळे या विषयावर अधिकारवाणीने बोलण्यास माझ्याइतका लायक माणूस तापी आणि गिरणा यांच्या दरम्यान सापडणे कठीण.

सर्वप्रथम एक प्रशिक्षण शिबिर घ्यावे. ते महामार्गावरच्या हॉटेलात, वातानुकूलित सभागृहात व्हावे आणि पुण्याहून आलेल्या सल्लागाराने पडद्यावर गीर्ट हॉफस्टेड यांचा तक्ता दाखवावा. या डच अभ्यासकाने १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्या तपासल्या आणि 'सत्ता-अंतर' नावाचे एक माप काढले. वरच्याची सत्ता खालचा माणूस किती निमूटपणे मान्य करतो, ते त्यावरून कळते. भारताला त्यात ७७ गुण आहेत. हे आकडे देशादेशांची तुलना करण्यासाठी आहेत, समोर उभ्या असलेल्या एका माणसाला चिकटवण्यासाठी नाहीत, हे हॉफस्टेड यांनीच बजावून ठेवले आहे, परंतु एवढे बारीक वाचायला वेळ कोणाला आहे? आमच्या शिबिरात सल्लागारांनी सांगितले की, आफ्रिकेतला कर्मचारी वरिष्ठांना प्रश्न विचारीत नाही. आफ्रिकेत ५४ देश आहेत, त्यांपैकी नेमका कोणत्या देशातला, असे कोणीही विचारले नाही, कारण जळगावातला कर्मचारीही वरिष्ठांना प्रश्न विचारीत नाही. त्यानंतर सर्वांनी शेवभाजी खाल्ली.

प्रकल्पप्रमुख म्हणून जावई पाठवावा. मुलगा पाठवू नये, तो इथे लागतो.

रोजची आढावा बैठक आपल्या सकाळी नऊला ठेवावी. तिथे तेव्हा साडेसहा वाजलेले असतात, पण कारखाना कुठेही असला तरी घड्याळ मालकाचेच चालले पाहिजे.

पगार रोख पाकिटातून, रांगेत उभे करून, अंगठा किंवा सही घेऊन द्यावा, म्हणजे तिथल्या मागासलेल्या लोकांना शिस्त लागते. केनियात एम-पेसावरून फोनमार्फत पैसे पाठवण्याची सोय २००७ पासून आहे आणि आपले यूपीआय २०१६ साली आले, ही माहिती जावईबापूंच्या कानावर घालण्याच्या भानगडीत पडू नये. मी पडलो होतो.

आपल्या माणसांसाठी इथून स्वयंपाकाला महाराज न्यावा, बरोबर कळण्याचे पीठ, पापड आणि लोणच्याच्या बरण्या न्याव्यात. इथपर्यंत कोणाचीच हरकत नाही. परमुलखात वांग्याच्या भरितासाठी जीव तळमळतो, हे मलाही मान्य आहे. मात्र तेवढ्यावर थांबू नये. आपल्या माणसांचे टेबल वेगळे, पेले वेगळे, पाण्याचे यंत्र वेगळे आणि त्यावर फक्त कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी असल्याची पाटी, एवढी व्यवस्था झाल्याशिवाय कारखाना खऱ्या अर्थाने आपला वाटत नाही. दहा वाजता तिथला कामगारही दुधाचा चहा पितो आणि त्याच्याबरोबर चपाती खातो, तेव्हा एका टेबलावर बसायला निदान जेवणाची अडचण नव्हती. अडचण कशाची होती, ते आपल्या गावातल्या जुन्या पाणवठ्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना सांगायला नको. पाटी वाचणाऱ्यालाही ती बरोबर समजते.

रजेच्या बाबतीत अत्यंत कडक राहावे. केनियाच्या २००७ च्या रोजगार कायद्याप्रमाणे कामगाराला वर्षाला किमान २१ दिवसांची भरपगारी रजा द्यावी लागते, बाळंतपणाची तीन महिन्यांची वेगळी, आणि मूल झालेल्या बापालाही दोन आठवड्यांची. बापाला कशासाठी, हा प्रश्न आमच्याकडे बैठकीत गांभीर्याने चर्चिला गेला. पश्चिम केनियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला, माणूस नैरोबीत वारला तरी त्याला मूळ गावच्या जमिनीत पुरण्याची रीत आहे. नातलगांनी आणि सहकाऱ्यांनी वर्गणी काढायची, शव गावी न्यायचे, सगळे गोळा होईपर्यंत थांबायचे, यात आठवडा-दोन आठवडे सहज जातात. अशी रजा मागणाऱ्याला 'तुझा काका मार्चमध्येही वारला होता' असे सुनवावे. त्याला चार काका असू शकतात, हा विचार मनाला शिवू देऊ नये. आपल्याकडे मात्र आखाजीला लेकीबाळींना आणायला जावेच लागते, श्रावणात कानबाईचे रोट खायला भाऊबंदकीतला माणूस सुरतेहूनसुद्धा येतो, चैत्रात निम्मे पॅकिंग खाते सप्तशृंगगडाच्या वाटेवर पायी चालत असते, आणि चुलत सासऱ्यांच्या गंधमुक्तीला गेलेला गडी तिसऱ्या दिवशी उगवतो. ही आपली परंपरा होय. त्यांची ती कामचुकारी.

तिथल्या लोकांना भारतीय माणूस नवा आहे, असे समजून चालावे. मोम्बासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग बांधण्यासाठी इंग्रजांनी १८९६ ते १९०१ या काळात सुमारे ३२,००० भारतीय मजूर नेले आणि त्यांपैकी अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. जे मागे राहिले आणि जे व्यापारी नंतर गेले, त्यांच्या वंशजांना २०१७ साली केनिया सरकारने देशातली ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. याचा अर्थ असा की, भारतीय मालक कसा बोलतो, पगारातून काय काय कापतो आणि कोणत्या वेळी कोणत्या भाषेत शिवी देतो, याचा अनुभव तिथल्या कामगारांच्या घरात आजोबांपासून साठलेला आहे. आपण त्यांच्यावर एक दिवसाचे शिबिर केलेले असते.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. 'नाही' म्हणणारा माणूस कारखान्यात ठेवू नये.

हे थोडे विस्ताराने सांगावे लागेल. आपल्या मुख्य कार्यालयात कोणीही कधीही नाही म्हणत नाही. माल शुक्रवारी निघेल का, असे शेठजींनी विचारले की, दाणा आलेला नसो, वीज गेलेली असो, लूम उघडून ठेवलेला असो, उत्तर एकच असते : होऊन जाईल साहेब. शुक्रवारी माल निघत नाही. मग सोमवारी शेठजी ओरडतात, सगळे खाली मान घालून ऐकतात, आणि पुन्हा विचारल्यावर पुन्हा होऊन जाईल. या पद्धतीवर आमचा धंदा वर्षानुवर्षे चाललेला आहे आणि त्यामुळे कोणत्या यंत्राची खरी अवस्था काय आहे, हे मालकाखेरीज सर्वांना ठाऊक असते. नैरोबीच्या त्या सुपरवायझरला ही पद्धत कोणी शिकवली नव्हती. तिथल्या एक्सट्रूडरच्या, म्हणजे दाणा वितळवून चटईची प्लास्टिकची नळी काढणाऱ्या यंत्राच्या, बॅरलवरचे दोन हीटर जळाले होते. तापमान धरत नव्हते, त्यामुळे नळी एकसारखी ओढली जात नव्हती आणि लूमवर चढवली की तुटत होती. हीटर इथून जायचे होते. त्याने पत्रांवर पत्रे लिहिली. ती सगळी माझ्या हातून गेली आहेत, म्हणून सांगतो की त्यांत एकही उद्धट शब्द नव्हता, यंत्राचा क्रमांक होता, हीटरचे माप होते, तुटलेल्या नळीची छायाचित्रे होती. खरेदीची मंजुरी शेठजींच्या टेबलावर होती. शेठजी लग्नसराईत होते.

मग एके सकाळी पडद्यावर बैठक लागली. शेठजींनी विचारले, "शुक्रवारी कंटेनर भरणार ना?" आणि तो माणूस शांतपणे म्हणाला, "नाही सर. हीटर आल्याशिवाय शक्य नाही. हीटर आले की त्यानंतर चार दिवसांत भरून देतो." यापेक्षा उपयोगाचे वाक्य त्या पडद्यावर मी आजवर ऐकलेले नाही. कारण सांगितले, उपाय सांगितला, मुदत सांगितली. इथे टेबलाभोवती बसलेल्या आम्हा सर्वांचे चेहरे मात्र कोणी देवघरात चपला घालून शिरल्यासारखे झाले. शेठजी आमच्याकडे वळून म्हणाले, "काय करून राहिले रे हे लोक? तोंडावर नाही म्हणतो?" खरेदी खात्याच्या साहेबांनी तत्परतेने सांगितले की, तिकडच्या लोकांना जबाबदारीची जाणीव नसते, शिबिरात सांगितलेच होते. ज्या खात्याने हीटर पाठवले नव्हते, त्याच खात्याचे हे साहेब.

पुढचे काम जावईबापूंनी केले. कॅमेरा चालू असताना, पाळी बदलण्याच्या वेळी, दोन्ही पाळ्यांचे कामगार उभे असताना त्यांनी त्या माणसाला हिंदीतून जे काही सुनावले, ते मी इथे लिहू शकत नाही. त्यात त्याची आई होती आणि त्याचा रंग होता. मराठीत किंवा हिंदीत बोलले की तिकडच्यांना कळत नाही, हीही शिबिरातलीच शिकवण. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "साहब, मुझे हिंदी आती है." त्याची उमेदीची वर्षे नैरोबीतल्या एका गुजराती मालकाच्या प्लास्टिक कारखान्यात गेली होती, हे त्याच्या अर्जात पहिल्याच पानावर लिहिलेले होते. अर्ज कोणी वाचला नव्हता.

त्याच संध्याकाळी त्याला फोनवरून कळवण्यात आले की, उद्यापासून येऊ नये. होय, ज्याला आमच्या कागदोपत्री राजीनामा म्हटले आहे, तो हा. केनियाच्या त्याच रोजगार कायद्याचे ४१ वे कलम सांगते की, गैरवर्तनासाठी काढायचे असेल तर कामगाराला समजेल अशा भाषेत कारण सांगावे, त्याच्या पसंतीचा एक सहकारी किंवा युनियनचा प्रतिनिधी हजर ठेवावा आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. हे केले नाही तर न्यायालय त्याला परत कामावर घ्यायला लावू शकते किंवा बारा महिन्यांच्या पगारापर्यंत भरपाई द्यायला लावू शकते. त्याच्या वकिलाची नोटीस आली, तेव्हा शेठजींनी विचारले की, एका सुपरवायझरला वकील परवडतो कसा?

आणि यावर मी सांस्कृतिक अंगाने अहवाल लिहायचा आहे.

अहो, कसली संस्कृती? यंत्राचा जळालेला भाग वेळेवर पाठवणे ही कोणत्या देशाची संस्कृती आहे? आईवरून शिवी दिली तर माणसाला लागते, हे समजायला हॉफस्टेडचा तक्ता लागतो? तुम्हाला केनियातली माणसे कळत नाहीत, हे खोटे आहे. तुम्हाला ती इतकी नीट कळतात की, ती उलट बोलतात याचा राग येतो. इथल्या फोल्डिंग खात्यातल्या बायांना जावईबापू हेच बोलतात आणि ओव्हरटाइमचा दुप्पट दर १९४८ च्या कारखाने कायद्यापासून लिहिलेला असताना त्यांना एकपट मिळतो, तरी त्या दुसऱ्या दिवशी डबा घेऊन फाटकावर हजर असतात. ते संस्कार म्हणून नव्हे. घरी बचत गटाचा हप्ता असतो, पोराची फी असते आणि वसाहतीतल्या दुसऱ्या कारखान्यातही असाच कोणीतरी जावई बसलेला असतो, म्हणून. या गप्प बसण्याला तुम्ही निष्ठा म्हणता, सत्काराच्या भाषणांत आपला कारखाना म्हणजे एक कुटुंब असल्याचे सांगता, आणि तेच गप्प बसणे विमानातून नैरोबीला नेता येईल असे तुम्हाला वाटले. तिथला माणूस वकिलाकडे गेला, तर तो मुजोर आणि त्याची संस्कृती वाईट.

लाज वाटली पाहिजे. शिबिरावर, हॉटेलावर आणि सल्लागाराच्या गाडीभाड्यावर जे उधळले, त्यात दोन सोडा, डझनभर हीटर विमानाने गेले असते. त्या माणसाचा अडवलेला पगार आधी एम-पेसावर टाका, त्याला दोन्ही पाळ्यांसमोर बोलावून माफी मागा आणि ती जावईबापूंना मागायला लावा, हिंदीतच. पाण्याच्या यंत्रावरची पाटी काढा. आणि शेठजी, लग्नसराई संपून महिना होत आला. हीटरच्या मंजुरीचा कागद तुमच्या टेबलावर, डाव्या बाजूच्या लाल फायलीत, सर्वांत वर ठेवलेला आहे. त्यावर सही करा.