फ्लोराइड म्हणजे विष? त्या व्हायरल मेसेजबद्दल

परत तोच मेसेज फिरतोय, की फ्लोराइड हे उंदीर मारायचं औषध आहे, त्याने मुलांचा आयक्यू कमी होतो, हाडं ठिसूळ होतात, नुसतं घासलं तरी दात चांगले राहतात, तेव्हा फ्लोराइडवाली पेस्ट आजच फेका. किती आईबापांनी खरंच फेकली असेल या काळजीने लिहितोय.

उंदरांचं आधी. सोडियम फ्लोराइड पूर्वी उंदीर-झुरळं मारायला वापरायचे हे खरंय, पण विष ठरतं ते किती पोटात गेलं त्यावर. हिशोब करून बघा ना, 1000 पीपीएमच्या पेस्टमध्ये ग्रॅममागे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड, वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे साधारण पाव ग्रॅम, म्हणजे पाव मिलिग्रॅम, आणि त्यातलंही बरंचसं थुंकून जातं. धोक्याची पातळी वजनाच्या किलोमागे 5 मिलिग्रॅम धरतात, म्हणजे 15 किलोच्या पोराला 75, म्हणजे एका वेळी 75 ग्रॅम पेस्ट. पोराने अख्खी मोठी ट्यूब खाल्ली तर मात्र लगेच दवाखाना गाठायचा, म्हणून ट्यूब उंचावर ठेवा.

आयक्यूसाठी अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रामचा (पदार्थांचा विषारीपणा तपासणारा सरकारी कार्यक्रम) 2024 चा रिपोर्ट दाखवतात. तो पूर्ण वाचा! लिटरला 1.5 मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड असलेलं पाणी पिणाऱ्या मुलांबद्दल आहे तो. तिथे नळाच्या पाण्यात घालतात त्या 0.7 बद्दल निष्कर्ष काढण्याइतका डेटा नाही असं त्यातच म्हटलंय, आणि घासून थुंकायच्या पेस्टवर तर तो रिपोर्टच नाही.

हाडांचा फ्लोरोसिस, म्हणजे फ्लोराइड साठून हाडं बिघडणं, हा खरा आजार आहे, लोक त्याने वाकतात. पण तो होतो वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइडचं पाणी पिऊन, तिथे पाणी बदलायला हवं. लहान मुलांनी रोज पेस्ट गिळली तर दातांवर पांढरे डाग येऊ शकतात, म्हणून तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढीच द्या.

आणि "नुसतं घासलं तरी पुरतं", हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. गोड खाल्लं की जंतू आम्ल करतात, सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली गेला की इनॅमलमधून, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरातून, खनिज सुटायला लागतं, लाळ ते परत भरते, दिवसभर हेच चालू. फ्लोराइड असलं की भरणं जोरात होतं आणि नवीन थर आम्लाला जास्त टिकतो. कीड नुसत्या पांढऱ्या ठिपक्यापुरती असेपर्यंत अशी थांबवता येते, खड्डा पडला की नाही. म्हणून घासल्यावर नुसतं थुंका, खळखळून चूळ भरू नका, नाहीतर तेच फ्लोराइड धुऊन जातं.