पुढच्या जन्मी वटवाघूळ व्हा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या रानात तुमचं गाव असेल आणि ‘माणूस व निसर्ग यांचं सहजीवन’ या विषयावरचं भाषण ऐकून तुम्ही भारावला असाल, तर आधी एक करा. माणूस म्हणून नांदायचा हट्ट सोडा. बारापेडे गुहेतलं वटवाघूळ व्हा. रॉटन साहेबाच्या नावाचं हे वाघळू जगात फक्त इथंच आहे, असं बराच काळ समजत होते. मग ते मेघालयात सापडलं, कंबोडियातही सापडलं. तरी कुणी त्याला ‘मूळ गाव कोणतं, कागद दाखव’ म्हणालं नाही. २०११ साली इथं भीमगड अभयारण्य झालं, १९० चौरस किलोमीटरचं, तेव्हा या वटवाघळाचा मान मोठा होता.

तुम्हाला मात्र कागद लागणार. रानात राहणाऱ्यांना जमिनीचा हक्क देणारा २००६ चा वनहक्क कायदा छान आहे, वाचूनच पोट भरतं. आदिवासी नसाल तर डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, रानात काढल्याचं दाखवा. मोजलं तर १९३० येतं. तेव्हा आपला जिल्हा मुंबई इलाख्यात होता. पणजोबांचा कागद मोडीत असेल, तर तो मोडीत निघाला समजा. म्हाताऱ्यांची तोंडी साक्षही चालते म्हणे. सुनावणीपर्यंत म्हातारा तेवढा टिकवा.

भाषणात पडद्यावर तीन वर्तुळं दाखवतात: मधे गाभा, भोवती राखीव पट्टा, बाहेर माणसं. ही युनेस्कोची जीवावरण राखीव क्षेत्रांची आखणी. भीमगड त्यात नाही, पण चित्र सुंदर आहे. तुमचं गाव नेमकं गाभ्यात. गाभाऱ्यात कुणी चुली मांडतं का?

आजारी पडायचं तर उन्हाळ्यात पडा. पावसाळ्यात जमत नसेल, तर दोन बांबू, एक घोंगडं, प्लास्टिकचा कागद आणि आठ गडी तयार ठेवा. चढाला बुटके पुढं, उताराला मागं. नाहीतर पेशंट झोळीतून घसरतो. ओढ्याला पाणी असेल तर उतरेपर्यंत थांबा, पेशंटलाही तसं समजावून सांगा. डांबरी रस्ता मागू नका, डांबराच्या वासानं अस्वल बिथरतं. कडेच्या रिसॉर्टच्या जिपा मात्र त्याला मानवतात.

भातात गवा शिरला तर फोटो काढा, भरपाईच्या अर्जाला लागतो. फ्लॅश नको, गव्याला त्रास होईल. अंधारातला फोटो काळा आला तर साहेब म्हणतील, यात गवा कुठाय? आहे म्हणून सांगा, गवा काळाच असतो.

एवढं करूनही जमलं नाही, तर याच अभयारण्यातल्या तळेवाडीसारखे कुटुंबामागं १५ लाख घ्या आणि बाहेर पडा. पुढं कधी परसातला फणस आठवलाच, तर वनखात्याच्या नाक्यावरच्या वहीत येण्याचं कारण ‘पर्यटन’ लिहा. ‘घर’ लिहिलंत तर आत सोडणार नाहीत.