तीस मिनिटांत प्रवाळ दिसत नाही

काल संध्याकाळी आमच्या सोसायटीतल्या काकू त्यांच्या अंदमान सहलीचा कागद घेऊन आल्या. पाच रात्री, सहा दिवस. सेल्युलर जेल, लाइट अँड साउंड शो, रॉस बेट आणि चौथ्या दिवशी स्वराज द्वीप, म्हणजे आपलं जुनं हॅवलॉक. त्या दिवसाखाली एक ओळ होती: 'एलिफंट बीच, स्नॉर्केलिंग मोफत, ३० मिनिटे.' काकूंनी विचारलं, "तू आईला घेऊन गेली होतीस ना? हे करू का आम्ही, की काठावरच बसू?"

उत्तर द्यायला मला दीड तास लागला. दोनदा चहा झाला. मग वाटलं, दर हिवाळ्यात पुण्यातून एवढी माणसं तिकडे जातात, त्यांच्यासाठी लिहूनच काढावं.

माझं म्हणणं असं आहे की स्नॉर्केलिंग करायचं असेल, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून समुद्रात तोंड घालून खालचं जग बघायचं असेल, तर सहा-आठ माणसांच्या छोट्या बोटीनेच जा. पैसे जास्त लागतात. मग सहलीतलं दुसरं काही कमी करा, हॉटेल साधं घ्या, जेट-स्कीची ती पाच मिनिटं सोडून द्या. पण पाण्यातला वेळ कमी करू नका.

मी दोन्ही प्रकार केलेत, म्हणून इतक्या ठामपणे सांगते आहे. २०१४ साली आम्ही एका मोठ्या ग्रुपबरोबर गेलो होतो. किनाऱ्यावर तीस-पस्तीस माणसांची रांग. ढिगातून मास्क उचलायचा, बसला तर बसला. एका रबरी रिंगला चार जण धरायचे आणि गाइड ती रिंग ओढत नेणार. माझ्या मास्कमध्ये पट्ट्याखाली केस अडकले होते, त्यातून पाणी आत येत होतं. केस आत गेले की मास्क गळतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. नाकातोंडात खारं पाणी गेलं, मी घाबरले आणि पाय खाली सोडले. पायाला खडक लागला. गाइड म्हणाला, "हाँ मॅडम, पत्थर पे खडे हो जाओ." मी उभी राहिले. माझ्या शेजारच्या दोघीही उभ्या राहिल्या.

तो दगड नव्हता. ते प्रवाळ होतं, आणि जिवंत होतं.

हे मला पुण्याला परत आल्यावर वाचताना कळलं आणि त्या रात्री झोप लागली नाही. आपल्याकडे पोवळं म्हणजे लक्ष्मी रोडवरच्या सराफाकडे मिळणारा लाल खडा, मंगळासाठी बोटात घालायचा. माझ्या आजीच्या अंगठीत होता तसा. तो खडा खोल पाण्यातल्या वेगळ्या जातीचा. पण बेटांभोवतीचं प्रवाळ असो की ते पोवळं, दोन्ही मुळात प्राणीच. पॉलिप नावाचे इवलेसे जीव शेजारी शेजारी बसतात, चुन्याचं घर बांधतात आणि त्या घराच्या पृष्ठभागावर राहतात. बेटांभोवतीच्या उथळ प्रवाळातल्या पॉलिपच्या अंगात सूक्ष्म शैवाल असतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला बराच वाटा पॉलिपला देतं. प्रवाळाचे रंग मुख्यतः या भाडेकरूचे. गोलसर प्रवाळ वर्षाला साधारण सेंटीमीटरभर वाढतं. जेवणाच्या ताटाएवढा गोळा व्हायला पंधरा-वीस वर्षं जातात. माझं वजन त्यावर अर्धा मिनिट होतं.

आणि त्यांच्यावर संकट काही फक्त आपल्या पायांचं नाही. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर हे शैवाल बाहेर टाकलं जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. लगेच मरत नाही, पण उपाशी राहतं. अंदमानात २०१०च्या उन्हाळ्यात हे फार मोठ्या प्रमाणावर झालं, २०१६मध्ये पुन्हा झालं. एप्रिल २०२४मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरात चौथ्यांदा असं विरंजन सुरू असल्याचं जाहीर केलं. म्हणजे आधीच आजारातून उठलेल्या जिवावर आपण रोज शेकडो माणसांना उभं करतो आहोत. कायद्याने या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा दिली आहे, वाघाच्या जोडीला. वाघाच्या पाठीवर उभं राहून फोटो काढायला कोणी सांगितलं तर आपण काय म्हणू?

आता आईबद्दल.

आई एकाहत्तर वर्षांची. माहेर वाईचं, घर घाटापासून दोन मिनिटांवर. मामा लोक पुलावरून कृष्णेत उड्या टाकायचे. आईने त्याच घाटावर धुणं धुतलं, हरतालिकेची वाळू आणली, पण पाण्यात गुडघ्याच्या वर कधी गेली नाही. मुलींनी जायचं नसे. मी पन्नाशीच्या तोंडावर टिळक तलावावर पोहायला शिकले, तेव्हा ती काठावरच्या बाकावर बसून असायची आणि घरी येताना एकच विचारायची, "आत डोळे उघडता येतात का गं?"

या जानेवारीत जायचं ठरलं तेव्हा मी तिच्या डॉक्टरांना विचारलं. रक्तदाब, हृदय, सगळं बघून त्यांनी हो म्हटलं. साठीच्या पुढच्या कोणीही हे विचारल्याशिवाय करू नये. मग दोन महिने घरी सराव केला. माळ्यावरून आजीचं तांब्याचं घंगाळ काढलं, त्यात कोमट पाणी भरलं, तिला मास्क आणि स्नॉर्केलची नळी लावली आणि तोंड पाण्यात. पहिल्या दिवशी चार श्वास. तोंडाने श्वास घ्यायचा, नाक विसरून जायचं, एवढंच शिकायचं असतं, पण एकाहत्तर वर्षांची सवय मोडायची असते. संक्रांतीपर्यंत ती पाच मिनिटं शांतपणे श्वास घेत होती. त्यात बाथरूममध्ये पडायची भीती नको म्हणून घंगाळ स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवायचो.

बोट शोधायला मला तीन संध्याकाळी लागल्या. प्रत्येकाला फोन करून तेच प्रश्न विचारले. बोटीत पर्यटक किती, पाण्यात एका गाइडमागे किती, नांगर कुठे टाकता, चष्म्याच्या नंबरचा मास्क मिळतो का, समुद्र खवळला तर पैसे परत की दुसरा दिवस. नांगराचा प्रश्न विचारल्यावर एक जण फोनवर हसला. तिथेच मी तो नंबर खोडला. प्रवाळावर टाकलेला नांगर एका ओढीत किती वर्षांचं मोडतो, याची कल्पना नसलेल्या माणसाबरोबर मला जायचं नव्हतं. ज्यांच्याबरोबर गेलो त्यांनी न विचारता सांगितलं, "बोया है तो बोया से बाँधते हैं, नहीं तो रेत में डालते हैं." बोया म्हणजे बोट बांधायचा तरंगता गोळा.

पुण्यात जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, तिथे सहाच्या आधीच. साडेसहाला आम्ही जेट्टीवरून निघालो. लाकडी बोट, तिला तिथे डुंगी म्हणतात. पर्यटक सहा, गाइड दोन, आणि बोट चालवणारे दादा बंगाली. या बेटावरची गोविंदनगर, विजयनगर, राधानगर ही गावं पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी वसवली, दादांचे आजोबा त्यातले. आमचा गाइड कारेन समाजातला होता. ब्रिटिशांच्या काळात १९२५च्या सुमारास ब्रह्मदेशातून या लोकांना मध्य अंदमानात आणलं गेलं, आणि आज समुद्रातल्या कामात त्यांच्याइतकी तयार माणसं तिथे थोडीच. असं बोलणं रांगेत उभं राहून होत नाही, हाही छोट्या बोटीचा फायदा. दादांनी भरती-ओहोटीचं गणित समजावलं, तेव्हा आईने आपल्या पंचांगातून त्यांना तिथी सांगितली. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी. उधाणाच्या ओहोटीला उथळ प्रवाळावर पाणी इतकं कमी राहतं की पोहणाऱ्याचं पोटसुद्धा घासतं, म्हणून ते वेळ बघूनच माणसं उतरवतात. घड्याळात 'स्लॉट' बघून नाही.

दीपगृहावरून पुढे गेल्यावर एलिफंट बीचच्या अलीकडे बोट थांबली. किनाऱ्यावर उन्मळून पांढरे पडलेले मोठे बुंधे दिसत होते, २००४च्या त्सुनामीची आठवण. गर्दीच्या बोटी अजून यायच्या होत्या. बाकीचे चौघं दुसऱ्या गाइडबरोबर उतरले. आई शिडीवर बसली आणि म्हणाली, "मी नाही येत."

इथे मला ती २०१४ची रांग आठवली. तिथे पुढचा नंबर पुकारला असता आणि गोष्ट संपली असती. इथे गाइड पाण्यात शिडीला धरून राहिला. "माँजी, जल्दी नहीं है. आप बोलोगे तब." मग तो काहीच बोलला नाही. आईने आधी पाय सोडले. मग कमरेपर्यंत आली, पुन्हा वर गेली. मग मास्क लावला, काढला, लावला. मी घड्याळ बघितलं नाही, पण नंतर दादा म्हणाले की अर्धा तास झाला होता. काकूंच्या कागदावरची अख्खी ३० मिनिटं आईला पाण्यात तोंड घालण्याआधीच लागली.

आणि मग तिने घातलं. लाइफ जॅकेट, एक हात रिंगवर, एक हात गाइडच्या हातात. मी शेजारी. तिचा श्वास नळीतून मला ऐकू येत होता, घंगाळातल्यासारखाच, एका लयीत.

पाच-सात मिनिटांनी तिने डोकं वर काढलं आणि म्हणाली, "अगं, खाली फोडणी तडतडतेय."

खरंच तसं ऐकू येतं. निरोगी प्रवाळाजवळ पाण्यात सतत मोहरी फुटल्यासारखा आवाज असतो. एक छोटी कोळंबी आपली नांगी इतक्या झटक्यात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, त्याचा तो आवाज. हजारो कोळंब्या एका वेळी. त्यात पोपटमासे प्रवाळ कुरतडतात त्याची करकर. हे पोपटमासे चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडतात, त्यावरचं शैवाल खातात आणि चुना बारीक वाळू करून बाहेर टाकतात. प्रवाळ बेटांच्या पांढऱ्या वाळूत त्यांचा मोठा वाटा असतो. २०१४मध्ये मी ही फोडणी ऐकलीच नव्हती. माणसांच्या ओरडण्यात आणि जेट-स्कीच्या आवाजात ती ऐकू येणं शक्यच नव्हतं.

पुढचा पाऊण तास आई पाण्यात होती. हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या, मेंदूसारख्या वळ्यांचे गोळे, त्यांच्यामध्ये निळाभोर ओठ मिटून-उघडून बसलेला महाशिंपला. समुद्रफुलात, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्यात, नारिंगी विदूषक माशांचं कुटुंब होतं. गाइडने वर येऊन सांगितलं की त्यात सगळ्यात मोठी ती मादी, आणि ती गेली की तिचा नर स्वतःच मादी होतो. आईने ते ऐकून घेतलं आणि पुन्हा तोंड खाली घातलं. तिला वेळ घालवायचा नव्हता. सगळंच सुंदर नव्हतं, तेही सांगते. एक मोठा पट्टा नुसता तुटलेल्या राखाडी काड्यांचा होता. गाइडने बोटाने दाखवलं आणि मान हलवली. पण त्याच काड्यांवर दोन ठिकाणी नखाएवढी नवी जांभळी टोकं फुटलेली होती.

परत येताना साडेनऊच्या सुमाराला समोरून भरलेल्या बोटी येत होत्या. त्या माणसांवर माझा राग नाही. २०१४मध्ये मी त्यांच्यातच होते. त्या बोटी चालवणाऱ्यांचंही पोट त्यावर आहे. पण सहल कंपन्यांना आपण पुण्यात बसून विचारू शकतो. चारशे रुपयांच्या साडीचा पोत आपण हाताने चोळून बघतो, तर आयुष्यात एकदा होणाऱ्या गोष्टीबद्दल चार प्रश्न विचारायला काय हरकत आहे? पुरेसे लोक विचारायला लागले की त्या कागदावरची ओळ बदलेल, असा मला विश्वास आहे.

बायकांसाठी थोडं. सुती सलवार-कुर्ता घालून उतरू नका, पाणी पिऊन जड होतो आणि पायात अडकतो. लांब बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा स्विमिंग कॉस्च्यूम पुण्यात सहज मिळतो. अंग झाकतं, ऊनही लागत नाही, म्हणजे सनस्क्रीनही कमी लागतं. काही सनस्क्रीनमधली ऑक्सिबेन्झोनसारखी रसायनं प्रवाळाला अपायकारक ठरतात म्हणून हवाईने २०२१पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आणली आहे. आपणही डबीवरची अक्षरं वाचून घ्यावीत. केस घट्ट बांधा, एकही मास्कखाली नको. पुरुषांच्या मिशांमुळेही मास्क गळतो, त्यांनी वर थोडं व्हॅसलीन लावावं. माशांना बिस्किटं टाकू नका, कोणी पुडा विकत असला तरी. आणि किनाऱ्यावरचा प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा पिशवीत घालू नका.

पुण्याला आल्यावर आईने पहिला फोन वाईला लावला. धाकटा मामा आता सदुसष्टचा आहे. ती त्याला म्हणाली, "मी समुद्रात डोळे उघडले." तिकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग मामा म्हणाला, "ताई, तेव्हा आम्ही तुला न्यायला हवं होतं."

काकूंना मी काल एवढं सगळं सांगितलं. त्या जाताना काही बोलल्या नाहीत. आज सकाळी त्यांचा फोन आला. कंपनीकडून तो मोफत कार्यक्रम काढून टाकला आहे, छोट्या बोटीचं वेगळं बुकिंग करणार आहेत, काकांचा नंबर मायनस चार आहे, तसा मास्क मिळेल का विचारत होत्या. जायला अजून सात आठवडे आहेत. उद्या घंगाळ न्यायला येणार आहेत.