दाजींचा मेसेज आणि आमच्या धंद्याचं मरण

परवा रात्री साडेदहाला दाजींनी घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज ढकलला. मथळा ‘ग्रंथपाल व्हायचंय? थांबा!’, खाली सहा मुद्दे, शेवटी हात जोडलेले आणि सही ‘एक हितचिंतक’. त्याखाली दाजींचं स्वतःचं वाक्य: “पावणं, हे खरं हाय काय? तसं असंल तर पोरीची फी भरत न्हाई.”

पोरगी म्हणजे माझी भाची. मराठी घेऊन बी.ए. झाली, बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, नंबर लागलाय. पावणं म्हणजे मी, सव्वीस वर्षं कॉलेजात ग्रंथपाल. हाच मेसेज त्याआधी तीन ठिकाणांहून आला होता, वाचून सोडून दिला होता. पण आता तो आमच्या आक्काच्या घरात शिरून पोरीची फी अडवायला लागला म्हटल्यावर गप्प बसणं जमत नाही.

ज्यांना अजून आला नसेल त्यांच्यासाठी सहा मुद्दे थोडक्यात. एक, ग्रंथालयशास्त्र हे शास्त्र नव्हे, इंग्रजांनी लादलेली कारकुनी आहे, आपल्या मातीशी तिचा संबंध नाही. दोन, पुस्तक द्यायला-घ्यायला डिग्री कशाला, दहावी पास पोरगंही करेल. तीन, परदेशात ग्रंथालयं बंद पडली. चार, जुनी पुस्तकं स्कॅन करून रद्दीत घाला आणि जागा अभ्यासिकेला द्या. पाच, एआय सगळं सांगतं, पाच वर्षांत ग्रंथपाल नामशेष. सहा, नोकऱ्याच नाहीत.

मातीची गोष्ट कोल्हापुरात बसून फॉरवर्ड करायची, म्हणजे कमाल आहे. आपल्या देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा कुठं झाला? मुंबईत नाही, दिल्लीत नाही. १९४५ साली कोल्हापूर संस्थानात झाला. स्वातंत्र्य मिळायच्या दोन वर्षं आधी. मद्रासचा कायदा १९४८चा, आपल्या महाराष्ट्राचा तर थेट १९६७चा. ग्रंथालयशास्त्राच्या कुठल्याही धड पाठ्यपुस्तकात कायद्यांचा धडा कोल्हापूरच्या नावापासून सुरू होतो. चंदिगडचं आणि गुवाहाटीचं पोरगं परीक्षेत ‘कोल्हापूर, १९४५’ लिहून मार्क मिळवतं, आणि इथला माणूस म्हणतो आपल्या मातीशी संबंध नाही! १९४९ला संस्थान विलीन झालं, त्यामुळं कायद्याला फार दिवस मिळाले नाहीत, हे मान्य. पण ज्या संस्थानानं १९१७ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, तिथं पुढच्या पिढीत ग्रंथालयाचा कायदा व्हावा हे काही आभाळातून पडलेलं नव्हतं.

आणि ‘इंग्रजांनी’ म्हणजे कुणी? करवीर नगर वाचन मंदिर १८५०चं, सुरुवातीचं नाव ‘नेटिव्ह लायब्ररी’ छापाचं, हे खरं. इमारत आणि वर्गणी ही कल्पना त्या काळात तिकडून आली, तेवढं देऊन टाकतो. पण शास्त्र म्हणून जे शिकवतात त्याचा पहिला वर्ग इंग्लंडातही नव्हता. तो मेल्व्हिल ड्यूईनं १८८७ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात काढला. वीस विद्यार्थी, त्यांतल्या सतरा मुली. बायकांना शिकवायला विश्वस्तांचा विरोध, वर्गखोली द्यायला नकार, म्हणून म्हणे अडगळीच्या खोलीत वर्ग भरला. (दाजी, सतरा मुली. हे आक्काला वाचून दाखवा.) हे आपल्याकडं आणलं कुणी? सयाजीराव गायकवाडांनी, म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या पोरानं. अमेरिकेतली ग्रंथालयं बघून आले, १९१०ला विल्यम बॉर्डन या अमेरिकनाला बडोद्यात नोकरीवर ठेवलं, १९११ला प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला, लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव धाडली. लादलं म्हणे! पगार आपण दिला होता.

ड्यूईची बाजू मी घेणार नाही. माणूस म्हणून तो असा होता की अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेनं २०१९ला आपल्या पदकावरचं त्याचं नाव काढून टाकलं. पुस्तकांना विषयावरून आकडे देणारी १८७६ची त्याची दशांश पद्धतही बघा. धर्माला दिलेल्या शंभर आकड्यांतले बहुतेक ख्रिस्ती धर्माला, आणि बाकी सगळ्या जगाचे धर्म २९० या एका कोपऱ्यात कोंबलेले. आपलं अख्खं मराठी साहित्य ८९१.४६वर, ‘इतर’ भाषांच्या गर्दीत. तुकाराम कुठं शोधायचा तर दशांशचिन्हाच्या पलीकडं. या गैरसोयीवर बोट ठेवणारा आणि वेगळी पद्धत उभी करणारा माणूस इथलाच, रंगनाथन. मद्रासला गणित शिकवायचे. १९२४ला विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, रिकाम्या खोलीला कंटाळून परत वर्गात जायला निघाले होते. लंडनला शिकायला गेले, तिथं दुकानात मेकॅनोचं खेळणं बघितलं आणि डोक्यात आलं की विषयही असे सुट्या पट्ट्यांनी जोडता येतील. १९३३ची त्यांची द्विबिंदू पद्धत ती हीच.

आता दुसरा मुद्दा, कारण दाजींना तोच सर्वांत पटलेला दिसतोय. “द्यायचं नि घ्यायचं, त्यात काय शिकायचं?”

दाजी, तुमच्या जिव्हाळ्याचं उदाहरण घेतो. गुळावरचं पुस्तक आलं. ठेवा कुठंही? उसाची लागवड त्यात जास्त असेल तर ६३३.६१, शेतीच्या कपाटात. काहील, चुलवाण, रस आटवणं असेल तर ६६४.१, अन्नप्रक्रियेत. सहकारी संस्थेची कहाणी असेल तर ३३४, सहकारात. आणि शाहूपुरीतल्या गुळाच्या बाजारपेठेचा इतिहास असेल तर आणखी चौथीकडं. पुस्तक एक, उभं राहणार एकाच जागी. मग उरलेल्या तीन वाटांनी येणाऱ्याला ते कसं सापडावं? त्यासाठी नोंदी करायच्या असतात, त्या ठरवायच्या असतात, आणि वीस वर्षांनी दुसरं गुळाचं पुस्तक आलं की तो माणूस आजच्यासारखाच विचार करेल अशी सोय ठेवायची असते. चुकीच्या कपाटात गेलेलं पुस्तक चोरीला गेल्यासारखंच. फक्त पोलिसात तक्रार करता येत नाही.

नावांचं तर विचारूच नका. नाटकं लिहिणारे राम गणेश गडकरी, कविता लिहिणारे गोविंदाग्रज, विनोद लिहिणारे बाळकराम. माणूस एकच. काउंटरवरचं दहावी पास पोरगं तीन नावं तीन ठिकाणी लावणार आणि ‘गडकरींच्या कविता नाहीत’ म्हणून वाचकाला परत पाठवणार. त्याची चूक नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नाही. त्यात कॉम्प्युटरवर एकानं ‘गडकरी’ इंग्रजीत एका स्पेलिंगनं चढवलेलं, दुसऱ्यानं दुसऱ्या. मी स्वतः आमच्या तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या यादीत, एकाच लेखकाच्या नावाचे पाच अवतार बघितलेत आणि ते एक करायला दिवाळीची अर्धी सुट्टी घातली. देवघेव हे ग्रंथालयाचं दार. दारावरचा माणूस दिसतो म्हणून घरात दुसरं कुणी काम करत नाही, असं होत नाही. एवढं करून कायद्यानंही ते दहावीवाल्याचं काम नव्हे. कॉलेजातल्या ग्रंथपालाला पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट-सेट लागते, प्राध्यापकाला लागते तशीच.

तिसऱ्यावर फार वेळ घालवत नाही. ब्रिटनमध्ये २०१०नंतर शेकडो ग्रंथालयं बंद झाली हे खरं. कारण स्थानिक संस्थांचे पैसे कापले, लोकांनी ठराव करून पुस्तकं सोडली नाहीत. त्याच युरोपात हेलसिंकीनं डिसेंबर २०१८ला भर मध्यवस्तीत ‘ऊडी’ नावाचं मोठं थोरलं ग्रंथालय उघडलं. मेसेजवाल्या हितचिंतकाला तिकडचं एकच दिसलं.

चौथा मुद्दा मात्र वाचून डोकं तापलं, कारण हे करून बसलेले लोक मला माहीत आहेत. एका संस्थेनं पंधरा वर्षांपूर्वी जुनी मासिकं आणि स्मरणिका स्कॅन केल्या, सीडीवर चढवल्या आणि मूळ अंक किलोवर घातले. मागच्या वर्षी त्यातला एक लेख हवा होता. सीडीच्या नऊ चकत्या, त्यांतल्या चार उघडतच नाहीत. उघडल्या त्यांत दुमडलेली पानं दुमडलेलीच स्कॅन केलेली, कुठं दोन पानं एकदम उलटलेली. मूळ अंक असता तर पान सरळ करून वाचलं असतं. परदेशाची आवड असेल तर तिकडचंही सांगतो. इंग्लंडच्या राजानं १०८६ला करवलेली जमीनपाहणी, डोम्सडे बुक, आजही वाचता येते. तिच्या नऊशेव्या वर्षानिमित्त १९८६ला बीबीसीनं नवी पाहणी करून लेसर डिस्कवर घातली, आणि पंधरा-सोळा वर्षांत ती चालवणारी यंत्रं शोधायची वेळ आली. स्कॅन जरूर करा, मी स्वतः करतो. २०१९च्या महापुरानंतर तर स्कॅन नको म्हणायची माझी हिंमत नाही. पण स्कॅन झालं म्हणून मूळ रद्दीत, हे म्हणजे झेरॉक्स काढली म्हणून सात-बारा फाडण्यासारखं आहे. इथल्या पुराभिलेखागारातली मोडीची दप्तरं नुसती स्कॅन करून काय होणार? फोटो निघेल. वाचायला मोडी येणारा माणूस आणि हवा तो कागद काढून देणारी सूची लागतेच.

अभ्यासिका हवीच, त्याबद्दल वाद नाही. एमपीएससीची पोरं जिन्यात बसून वाचतात, ती मी रोज बघतो. पण पुस्तकं हाकलून केलेली अभ्यासिका म्हणजे ट्यूबलाइट आणि खुर्च्या.

आता एआय. दोनेक महिन्यांपूर्वी पीएच.डी. करणारा एक मुलगा बारा संदर्भांची यादी घेऊन आला. “सर, हे लेख मिळत नाहीत.” मासिकं खरी, लेखक खरे, मथळे अगदी पटण्यासारखे. मी अडीच तास घालवले. सात लेख अस्तित्वातच नव्हते. एकाचं साल तर असं होतं की ते मासिक तेव्हा निघतच नव्हतं. यादी कुठून आणली विचारल्यावर त्यानं मोबाइल पुढं केला. हे त्याचं एकट्याचं नाही. न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी २०२३ला असेच न झालेले सहा निकाल कोर्टात सादर केले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. यंत्र वाईट आहे असं मी म्हणत नाही, मीही वापरतो. पण ‘सगळं सांगतं’ आणि ‘खरं सांगतं’ यांतलं अंतर तपासायला कुणीतरी बसावंच लागतं, आणि सध्या तो कुणीतरी मी आहे.

नामशेष व्हायची ही माझी चौथी वेळ. मी लागलो तेव्हा पाच बाय तीन इंचांची तालिका कार्डं टाइप करायचो. कॉम्प्युटर आल्यावर म्हणाले, संपलं. मग गुगल आलं, संपलं. मग ई-बुक. कार्डं खरंच संपली. अमेरिकेतल्या ज्या संस्थेकडून जगभर छापील कार्डं जायची, तिनं १ ऑक्टोबर २०१५ला शेवटची छापली. माझं काम मात्र दर वेळी वाढलं. न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं ग्रंथालयाचं ‘कोहा’ सॉफ्टवेअर शिकलो, फुकट आहे म्हणून. पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशभरच्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, चढवायला शिकलो. २०१८ला यूजीसीचे वाङ्मयचौर्याचे नियम आले, दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ, पुढं शिक्षा, आणि ते तपासायचं लचांड आमच्याकडं ग्रंथालयाच्याच गळ्यात पडलं. प्राध्यापक मंडळी आता माझ्याशी फार गोड बोलतात. डिग्रीचं नाव आधी नुसतं ग्रंथालयशास्त्र होतं, त्यात ‘माहिती’ घुसली, पुढं आणखी काही घुसेल. रंगनाथनांनी १९३१लाच ग्रंथालयशास्त्राच्या आपल्या पाच सूत्रांतलं पाचवं लिहून ठेवलंय, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे.

राहिला सहावा मुद्दा, आणि इथं हितचिंतकाला अर्धे मार्क द्यावे लागतात. नाइलाजानं देतो. कॉलेजातल्या जागा वर्षानुवर्षं भरत नाहीत. निवृत्त झालेल्याची खुर्ची रिकामी ठेवून परिचराच्या हाती किल्ल्या देतात. गावातल्या ड वर्गाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या वर्गाच्या, वाचनालयात ग्रंथपालाच्या हातात महिन्याला जे पडतं ते लिहायला मला लाज वाटते, देणाऱ्यांना वाटत नाही. अभ्यासक्रमही कितीतरी ठिकाणी नोट्स पाठ करून उरकतात. मुलाखतीला आलेल्या पोरांना मी एक पुस्तक देऊन वर्गांक, म्हणजे त्याच्या विषयाचा आकडा, काढायला सांगितला तर चाचपडतात. पण जागा न भरणं आणि कामच नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टर नसलेलं आरोग्य केंद्र बघून कुणी म्हणत नाही की गावात आता रोगच राहिले नाहीत.

म्हणून भाचीला मी सांगितलंय ते इथंही लिहितो. नुसत्या बी.लिब.वर थांबू नको, एम.लिब. आणि सेट कर. कोहा स्वतः बसवून बघ. मोडी शीक, इथं शिकवणारे आहेत आणि वाचणारे कमी होत चाललेत. कॉलेजची जागा निघाली नाही तरी हॉस्पिटलांत, कायद्याच्या फर्ममध्ये, वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांवर, प्रकाशकांकडं या कामाचे लोक लागतात, फक्त तिथं त्याला ‘ग्रंथपाल’ म्हणत नाहीत. शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात एक दिवस नुसती बसून ये आणि पुस्तकं देणारी माणसं सोडून बाकीची काय करतात ते बघ.

आणि दाजी, फी भरायची मुदत शनिवारपर्यंत आहे, ऑनलाइनही घेतात. तेवढं बघा.